पीटरनेल आठ मोजते

पीटरनेलच्या हातांबद्दल आधी सांगतो, कारण सगळी भानगड त्या हातांनीच केली. एकतीस वर्षं ती शिनाण्यांच्या, म्हणजे खायच्या काळ्या शिंपल्यांच्या, कारखान्यात पट्ट्यावर उभी होती. बोटी यायच्या, काळे शिनाणे पट्ट्यावरून धावायचे, आणि त्यातला फुटका, मेलेला, चिखल भरलेला शिनाणा दिसला न दिसला तोच उचलून फेकायचा. ते हात अजून तसेच आहेत. कॉफीत साखर घालून तुम्ही जरा गप्पा मारत बसलात तर ती चमचा काढून घेते आणि ढवळून देते. एकदा मी तिच्या दारात बुटाची नाडी बांधत होतो. गाठ जरा अडली, तर बाई खाली वाकली आणि बांधून मोकळी! मी त्रेसष्ट वर्षांचा बाप्या, आणि समोरच्या खिडकीतून शेजारीण बघतेय.

मी रिनुस. समुद्राच्या बांधाच्या आतल्या अंगाला आमच्या डायव्हिंग क्लबची खोली आहे, तिथे कॉम्प्रेसर चालवून मी सगळ्यांच्या टाक्यांत हवा भरतो. ऑस्टरस्खेल्दे या आमच्या खाडीच्या पाण्यात चाळीस वर्षं उतरतोय, हे मी सगळ्यांना सांगतो, कुणी विचारलं नाही तरी.

पीटरनेल, म्हणजे आमची नेल, पंधराव्या वर्षी शाळा सोडून पट्ट्यावर गेली. लग्न झालं, नवरा कामासाठी रॉटरडॅमला गेला तो तिकडचाच झाला. त्यावर तिचं म्हणणं एवढंच की बरं झालं, एक कपाट रिकामं झालं. मग पट्ट्यावर यंत्राचा डोळा बसला आणि शेहेचाळीसाव्या वर्षी तिला घरी पाठवलं. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ती म्हणाली, "बाकी सगळं होतंच, लवकर कर म्हणायला घरात कुणी नव्हतं." दुसऱ्या आठवड्यात आमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हे शिनाणे एकतीस वर्षं वर येतात ते बघितलं, आता खाली कसे बसतात ते बघायचंय म्हणे.

तिला पाण्यात नेलं ते क्राइन मास्तरांनी. ते गावच्या शाळेतही मास्तर होते आणि क्लबातही मास्तर. अर्ध्या गावाला बेरीज त्यांनी शिकवली आणि अर्ध्या गावाला पाण्याखाली श्वास घ्यायला. अकरा वर्षांत नेल इतकी तरबेज झाली की दोन हातांपलीकडचं दिसत नसेल अशा गढूळ पाण्यातही ती सोबत असली की मी निर्धास्त. पण मास्तरांचं हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, डिसेंबर अखेर पाणी बंद. क्लबात शिकवायचं प्रमाणपत्र असलेले ते एकटेच. प्रमाणपत्रवाला शिक्षक नसेल तर नवे लोक घेता येत नाहीत, हा नियम. शिकायला थांबलेल्यांच्या यादीत अकरा नावं पडून होती. नवे लोक नाहीत तर आम्ही पाच-सहा म्हातारे सूप पीत बसणार आणि एक दिवस खोलीला कुलूप.

"नेल परीक्षा देईल," मास्तर म्हणाले.

"मी? मास्तर, मी तिसरीनंतर फळ्याकडे पाठ करून बसले."

"मला आठवतंय. फळ्यापाशी मीच होतो."

लेखी परीक्षेत ती पास झाली. दाबाची गणितं स्वयंपाकघराच्या फरशांवर खडूनं करायची आणि पुसायची. मग मे महिन्यात प्रात्यक्षिक आलं आणि तिथे माती खाल्ली. प्रात्यक्षिकाची रीत अशी असते: उमेदवारानं दोन शिकाऊंना पाण्याखाली धडा द्यायचा. शिकाऊ खरे नसतात, क्लबचेच जुने लोक असतात. परीक्षक त्यांच्या कानात आधी सांगून ठेवतो की तू अमुक चूक कर. उमेदवारानं ती चूक हेरायची आणि शिकाऊकडून सुधारून घ्यायची. पहिला शिकाऊ मी होतो. दुसरी फेना, आमच्या बेकरीतली, वय सव्वीस, स्वभावानं नको इतकी आनंदी.

परीक्षक बाई उत्तरेकडच्या, फ्रीजलँडच्या, वीत्स्के नावाच्या. उंच, कोरड्या, हातात पाटी. त्यांनी मला सांगितलं की मास्कमध्ये पाणी भरून घ्यायचं आणि ते अर्धंच बाहेर काढायचं. मी मास्कची कड उचलली, पाणी आत आलं, आणि मी जरा हातवारे केले. दोन सेकंद! नेलचे हात आले, मास्क कपाळाशी दाबला, माझी मान मागे केली, पाणी बाहेर. इतकं सुबक काम की मी मनात वाहवा म्हटलं.

वर आल्यावर वीत्स्केबाई म्हणाल्या, "काम सुंदर झालं. पण ते शिकाऊनं करायचं होतं. उद्या तुम्ही नसताना त्याच्या मास्कमध्ये पाणी गेलं तर तो काय करेल?" मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही नाटक कमी करा. हातवाऱ्यांची गरज नव्हती." नापास. नेल बांधावर बसून अर्धा तास आपल्या हातांकडे बघत होती, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

पुढची तारीख नोव्हेंबरची. वर्षातली शेवटची.

आता इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. त्या हातवाऱ्यांत नाटक फार थोडं होतं. नाकात पाणी जाणं मला सहन होत नाही. लहानपणापासून नाही. चाळीस वर्षांत मी मास्क असा घट्ट बसवला, इतक्या काळजीनं जपला, की तो पुरा भरण्याची वेळच येऊ दिली नाही. सरावात कधी तसं करायची पाळी आली की मी थोडंसं पाणी घ्यायचो, फुर्रकन सोडायचो आणि झालं म्हणून खूण करायचो. कुणाला पत्ता नाही. त्या दिवशी नेलचे हात आले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला होता.

उन्हाळाभर तयारी चालली. मास्तरांनी फर्मान काढलं: "नेल, शिकाऊ अडला की हात मागे बांधायचे आणि आठ मोजायचं. आठपर्यंत तो धोक्यात नसेल तर हात लावायचा नाही."

"आठ? मास्तर, आठमध्ये मी टोपलीभर शिनाणे निवडते."

"म्हणूनच आठ."

पाण्यात जायच्या आधी मास्तरांनी आम्हाला खोलीत बसवलं आणि माझ्या हातात विणायच्या सुया आणि राखाडी लोकरीचा गुंडा दिला. नेलनं मला विणायला शिकवायचं, पण लोकरीला बोट लावायचं नाही. काय सांगू तुम्हाला तो छळ! कॉम्प्रेसर धडधडतोय, मी घामाघूम होऊन टाके घालतोय, आणि समोर ही बाई स्वतःच्या ढुंगणाखाली हात दाबून बसलीय.

"उलट टाका, रिनुस. उलट! तो सुलट आहे. अरे देवा. अरे, दोरा पुढे घे. पुढे म्हणजे तुझ्या पोटाकडे, पोट दिसतंय ना तुला? सगळ्या गावाला दिसतं."

"तूच विण ना मग!"

"एक, दोन, तीन, चार," ती डोळे मिटून मोजायला लागायची.

फेना बेकरीतून बोलूस नावाचे दालचिनीचे चिकट पाव घेऊन यायची आणि दारात उभी राहून हसत सुटायची. ऑगस्ट संपेपर्यंत मी दोन हात लांब मफलर विणला. भोकंच जास्त होती, पण शेवटची चार बोटं अगदी सरळ आली, आणि त्यातल्या एकाही टाक्याला नेलचा हात लागला नव्हता. ती तो तुकडा उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिली. "हे मी शिकवलं?" म्हणाली. मग एकदम कोरडी होऊन म्हणाली, "घालून फिरू नकोस, माझं नाव जाईल."

पाण्याखालीही ती सुधारली. फेनाचा पट्टा सुटला, हात मागे. फेना तळाचा चिखल उडवत बसली, हात मागे. फिन्स, टाकी, वजनाचा पट्टा, सगळ्याला आठ मोजायची आणि मग स्वतःवर करून दाखवायची, सावकाश, मोठं मोठं. फक्त एका जागी गाडी अडायची. मी मास्कमध्ये पाणी घेऊन तडफडलो की तिचे हात निसटून पुढे यायचे. आणि खरं सांगतो, मी मुद्दाम जरा जास्तच तडफडायचो. ते हात यावेत म्हणून. तिची परीक्षा डोक्यावर, क्लब बंद पडायच्या वाटेवर, आणि मी नाकात दोन थेंब जाऊ नयेत म्हणून तिची खोड तिला सोडू देत नव्हतो. ऑक्टोबरात एकदा मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "रिनुस, तुझा मास्क पुरा भरलेला मी कधी बघितला नाही." मी म्हटलं, "मिशी आहे ना मास्तर, त्यामुळे नीट समजत नाही." त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. तिसरीत गृहपाठ विसरलो म्हणून सांगितलं की असंच बघायचे.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी नेल माझ्याकडे टाक्या न्यायला आली. कधी नाही ते जरा बसली.

"रिनुस, मला हे हवंय," ती म्हणाली. "क्लबासाठी वगैरे ठीक आहे. पण मला हवंय. आयुष्यभर मला सगळ्यांनी लवकर कर म्हणून सांगितलं. कसं करायचं गं, असं कुणी कधी विचारलं नाही. ते मला एकदा ऐकायचंय."

मी टाकीची झडप दोनदा तपासली.

शनिवारी पाणी थांबायची वेळ दहा चाळीसची होती. आमच्याकडे भरती-ओहोटीच्या मधे पाणी जेवढं थबकतं तेवढ्यातच उतरायचं, एरवी ओढ तुम्हाला थेट समुद्राकडे नेते. बांधावर सगळा क्लब हजर. मास्तर घडीच्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी. एका बाजूला वाटाण्याच्या घट्ट सुपाचं पातेलं. वीत्स्केबाईंनी मला बाजूला घेतलं. "मास्क तुम्ही पुरा भरायचा आणि नीट रिकामा करायचा. त्यात चूक नाही, नाटक तर अजिबात नाही. तुमची चूक परतीच्या वाटेवर. डाव्या फिनचा पट्टा सैल सोडायचा, तो तिला दिसला पाहिजे. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. 'पुरा भरायचा' हे ऐकूनच मी मास्कचा पट्टा आवळून घेतला.

सहा मीटरवर आम्ही गुडघे टेकून बसलो. पाणी अकरा अंश, हिरवं-करडं. वीत्स्केबाई नेलच्या पाठीमागे कुठेतरी, पाटीचा पांढरा तुकडा तेवढा दिसत होता. फेनानं तिची ठरलेली चूक केली, नेलनं हात मागे बांधून ती तिच्याकडून सुधारून घेतली. झकास. मग तिनं माझ्याकडे बोट केलं आणि स्वतःच्या मास्कला हात लावून दाखवला. भर.

मी भरला. त्या दिवशी मला तिला फसवायचं नव्हतं, म्हणून पुरा भरला. बर्फासारखं पाणी नाकात घुसलं, डोळे आंधळे झाले, आणि माझं धाबं दणाणलं. चाळीस वर्षं, हजारो वेळा उतरलेलो मी, त्या क्षणी नुसता एक घाबरलेला जीव होतो. वर, वर, एवढंच डोक्यात. मी पाय झाडून उसळी मारली.

छातीवरच्या पट्ट्याला एक हात घट्ट लागला. मी जाग्यावर राहिलो. दुसरा हात माझ्या तोंडातल्या, हवा देणाऱ्या रेग्युलेटरवर, तो निसटू नये म्हणून. मी वाट बघत होतो की आता ती मास्क दाबेल, मान मागे करेल. ती काही करेना. मी मनात तिला शिव्या घातल्या, खोटं कशाला सांगू. मग छातीवर तिची मूठ हळूहळू दाबायला लागली. एक. दोन. मी त्या तालावर तोंडानं श्वास घ्यायला लागलो. तीन. चार. डोळे किलकिले केले तर धूसर दिसलं, तिची मान मागे झुकलेली. पाच. मी मान मागे केली, मास्कची वरची कड कपाळाशी दाबली, आणि नाकानं फुंकलं. पाणी गेलं. सगळं. समोर नेलचा चेहरा स्वच्छ दिसला, तिचे डोळे माझ्या डोळ्यांवर. तिला कळलं होतं. नाटक बघताना माणूस असा बघत नाही.

मग तिनं अंगठा वर केला. आमच्यात त्याचा अर्थ 'छान' असा नाही, 'वर चला' असा आहे. शिकाऊ खरंच घाबरला की धडा थांबवायचा आणि त्याला सोबत घेऊन सावकाश वर यायचं. तिनं तसंच केलं.

बांधावर वीत्स्केबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. "धडा मधेच का संपवलात? परतीचा भाग झालाच नाही. तिथे अजून एक चूक ठरलेली होती, ती तुम्हाला बघताच आली नाही. अपुरी परीक्षा म्हणजे नापास, हे तुम्हाला ठाऊक आहे." मग मला म्हणाल्या, "आणि तुम्ही! मी साफ सांगितलं होतं, नाटक नको. तुमच्या हौसेपायी या बाईंचं वर्ष गेलं."

सगळा क्लब माझ्याकडे बघायला लागला. फेनाचं हसू मावळलं होतं. मास्तर खुर्चीत पुढे सरकले. मला फक्त एवढं म्हणायचं होतं की ते नाटक नव्हतं. तीन शब्द. पण ते म्हटलं की चाळीस वर्षांचा रिनुस संपला. ज्यांना मी दर शनिवारी माझे पराक्रम ऐकवतो ते सगळे तिथे उभे होते. मी वाकून फिनचा पट्टा सोडवायला लागलो.

"तुमचं काही म्हणणं?" वीत्स्केबाईंनी नेलला विचारलं.

"वर यायचं मी ठरवलं," नेल म्हणाली. "मला ते बरोबर वाटलं."

"का?"

ती ओल्या सुटात ताठ उभी होती, आणि तिचे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले होते.

ते हात मी बघितले आणि मला माझीच शरम वाटली. एका वाक्यात ती सुटली असती. ते वाक्य तिच्याजवळ होतं आणि तिनं ते माझ्यासाठी ठेवलं होतं.

"बाई," मी म्हटलं. "ते नाटक नव्हतं. मी घाबरलो. बोबडी वळली माझी. मला मास्क रिकामा करता येत नाही, कधीच येत नव्हता. मे महिन्यातही आला नव्हता. तिनं वर आणलं नसतं तर मी एकटा उसळून वर आलो असतो आणि आत्ता तुम्ही रुग्णवाहिका बोलावत असता."

वीत्स्केबाईंनी माझ्या टाकीचा काटा हातात घेतला. "पाण्यात किती वेळ होतो आपण?"

"बारा मिनिटं," फेना म्हणाली.

"हवा दोनशेवरून नव्वदवर. बारा मिनिटांत. इतकी हवा घाबरलेलाच माणूस ओढतो." त्यांनी काटा सोडला आणि पाटीकडे बघत राहिल्या. "पीटरनेल, त्याच्या मास्कला तुम्ही हात लावलात का?"

"नाही."

"नाही लावला," मी म्हटलं. "मीच काढलं पाणी. आयुष्यात पहिल्यांदा."

वीत्स्केबाईंनी पाटीवर काहीतरी पुसलं, काहीतरी लिहिलं. "पंधरा वर्षं परीक्षा घेतेय," त्या म्हणाल्या. "खोट्या चुका सगळेच पकडतात. पाणी अजून वीस मिनिटं थांबलेलं आहे. परतीचा भाग फेनाबरोबर करून घेऊ, म्हणजे कागद पुरा होईल. बाकी मला जे बघायचं होतं ते मी बघितलं."

अठरा मिनिटांनी त्या तिघी पाण्याखालून वर आल्या. फेना गळाभर पाण्यातूनच ओरडली, "झाली! झाली पास!" आणि मग बांधावर जो काय दंगा झाला! मास्तर घोंगडी फेकून उभे राहिले, डॉक्टरांनी काय काय मना केलंय ते विसरून टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी पातेल्यावर पळी बडवत होतं. नेल हसत होती आणि रडत होती, आणि सूप वाढणाऱ्याच्या हातातून पळी काढून घेऊन स्वतःच सगळ्यांना वाढत होती. ते हात सुटले ते सुटलेच.

मला वाटलं होतं लोक मला सोलून काढतील. दोन-चार टोमणे बसले, नाही असं नाही. पण तिघं जण एकेक करून जवळ आले आणि हळूच म्हणाले की मास्कचं त्यांचंही जरा तसंच आहे. तिघं! हे आमचे खाडीचे शूरवीर.

गर्दी पांगल्यावर मी नेलला विचारलं, "तू बोलली का नाहीस? मी बोललोच नसतो तर?"

"मी सातवर होते," ती म्हणाली. "आठ झाले की सांगणारच होते. तू काय समजलास, तुझ्या मिशीसाठी मी परीक्षा सोडीन?"

खोलीत यादी भिंतीवर लावलेली होती, अकरा नावांची. तिनं पेन घेतलं, सगळ्यात वर थोडी जागा होती तिथे काहीतरी लिहिलं आणि बाजूला झाली. रिनुस, सोमवार, साडेसात, पोहण्याच्या तलावाची उथळ बाजू.

सोमवारी मी गेलो. गळ्यात तो भोकांचा मफलर होता, मुद्दाम. कमरेएवढ्या पाण्यात शाळकरी पोरांच्या रांगेपलीकडे ती उभी होती, गळ्यात मास्तरांची शिट्टी. मी मास्क हातात घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "हं. कसं करायचं गं?"

ती हात मागे बांधून म्हणाली, "घाई करू नकोस. आधी श्वास घे."